पट्टा न बांधणारा दर्यावर्दी

माणसाचे आणि नौकेचे आयुष्य एकमेकांत किती गुंतावे, याला काही मर्यादा असते. फ्रान्सचे दर्यावर्दी एरिक ताबार्ली यांच्या बाबतीत ती उरली नव्हती. जी नौका त्यांच्या वयाच्या सातव्या वर्षी घरात आली, जिच्या दुरुस्तीच्या पैशासाठी त्यांनी आरमाराची नोकरी धरली, जिचे नाव त्यांनी पुढे आपल्या शर्यतीच्या नौकांना दिले, त्याच नौकेवरून १९९८ च्या जून महिन्यात एका मध्यरात्री ते आयरिश समुद्रात फेकले गेले. नौकेच्या शताब्दीचा सोहळा होऊन तेव्हा काही आठवडेच झाले होते. ताबार्ली ६६ वर्षांचे होते. अंगात लाइफ जॅकेट नव्हते, छातीला सुरक्षापट्टा नव्हता आणि नौकेच्या काठाला तारांचा कठडाही नव्हता. यातली एकही गोष्ट राहून गेलेली नव्हती. ताबार्लींना त्या नको होत्या.

ही नौका म्हणजे 'पेन द्युइक'. स्कॉटलंडमधील फेअरली गावचे विख्यात नौकारचनाकार विल्यम फाइफ यांनी तिचा आराखडा काढला आणि १८९८ मध्ये आयर्लंडमधील कॉर्क बंदराच्या परिसरात ती बांधली गेली. पुढे आलेल्या लांब वाशासकट लांबी सुमारे १५ मीटर, रुंदी मात्र ३ मीटरहूनही थोडी कमी. म्हणजे सुरीच्या पात्यासारखी निमुळती आणि पाण्यालगत बसणारी. त्या काळी हौशी धनिक मंडळी शर्यतीसाठी अशा नौका बांधून घेत, चार-दोन मोसम पळवत आणि विकून टाकत. मालक बदलत, नावे बदलत ही नौका फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात पोहोचली. 'पेन द्युइक' हे ब्रेटन भाषेतले नाव. काळ्या डोक्याच्या एका चिमुकल्या पक्ष्याला तिकडे असे म्हणतात. १९३८ मध्ये गी ताबार्ली यांनी ती विकत घेतली, तेव्हा नाँत येथे २४ जुलै १९३१ रोजी जन्मलेला त्यांचा मुलगा एरिक सात वर्षांचा होता.

दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि नौका चिखलात पडून राहिली. युद्ध संपले तेव्हा तिच्या लाकडाची अवस्था वाईट झाली होती. ती विकायला काढली, तर कोणी घेईना. दुरुस्त करायची, तर तेवढे पैसे नाहीत. अखेर वडिलांनी १९५२ मध्ये ती मुलाच्या स्वाधीन केली. नौदलाच्या विमानदलात वैमानिक म्हणून रुजू झालेला हा तरुण इंडोचायनामध्ये जाऊन आला, पगारातले पैसे साठवत राहिला आणि चिखलात रुतलेल्या त्या सांगाड्याचा विचार काही त्याने सोडला नाही. ला त्रिनिते गावातील नौका बांधणाऱ्या कोस्तांतिनी बंधूंनी तिचे सांगाडे तपासून सांगितले, की हे लाकूड वाचण्यासारखे नाही. तेव्हा ताबार्लींनी काढलेली वाट अनपेक्षित होती. कुजलेल्या लाकडी कवचालाच साचा मानून त्यावर त्यांनी काचतंतू आणि पॉलिस्टर यांचे थर चढवले. १९५८-५९ च्या सुमारास हे तंत्र नवेच होते आणि एवढ्या आकाराची नौका त्यात घडवण्याचे धाडस फारसे कोणी केले नव्हते. आकार फाइफचा आणि कवच प्लॅस्टिकचे, असा हा पुनर्जन्म होता. जुन्या वस्तू जशाच्या तशा जपण्याचा आग्रह धरणाऱ्यांना तो रुचला नसता. पण नौका तरंगली, हे खरे.

नवे तंत्र आणि जुने रूप यांची ही जोडी ताबार्लींच्या स्वभावातच होती. त्यांच्या अखेरीचे कोडेही याच जोडीत आहे, म्हणून तिची दखल आधीच घ्यायला हवी.

एकट्याने अटलांटिक महासागर पार करण्याची शर्यत १९६० मध्ये प्रथम झाली. इंग्लंडमधील प्लिमथपासून अमेरिकेपर्यंतच्या त्या शर्यतीत पाचच स्पर्धक होते आणि विजेते फ्रान्सिस चिचेस्टर यांना चाळीस दिवस लागले. इंग्रजांनी सुरू केलेला आणि इंग्रजांनीच जिंकायचा असा हा खेळ होता. १९६४ च्या दुसऱ्या शर्यतीसाठी नौदलातील लेफ्टनंट ताबार्ली खास याच कामासाठी बांधलेली हलकी, प्लायवूडची 'पेन द्युइक-२' घेऊन उतरले. नौका जेमतेम महिन्याभरापूर्वी पाण्यात उतरली होती. साडेतेरा मीटरची नौका एका माणसाला आवरणार नाही, असे जाणकारांचे मत होते. शर्यत सुरू होऊन आठवडाभर होतो न होतो तोच वाऱ्याच्या साहाय्याने सुकाणू सांभाळणारे यंत्र मोडले. त्यानंतर उरलेला सारा महासागर ताबार्लींनी तुटपुंज्या झोपेवर, स्वतः सुकाणू धरून पार केला. २७ दिवस ३ तास ५६ मिनिटांनी ते न्यूपोर्टला पोहोचले, तेव्हा आपण पहिले आलो आहोत याचीही त्यांना कल्पना नव्हती. वाटेत त्यांनी कोणाशी संपर्कच ठेवला नव्हता. चिचेस्टर त्यांच्यानंतर जवळजवळ तीन दिवसांनी आले.

फ्रान्समध्ये या बातमीने जे घडले, त्याचा अंदाज आज येणे कठीण आहे. शिडाच्या नौका म्हणजे किनाऱ्यावरच्या श्रीमंतांची करमणूक, अशी समजूत असलेल्या देशाला अचानक एक अबोल, रुंद खांद्यांचा, कॅमेऱ्यासमोर अवघडून उभा राहणारा नायक मिळाला. राष्ट्राध्यक्ष द गॉल यांनी त्यांना लीजन ऑफ ऑनर हा सन्मान दिला. नौदलानेही हा अधिकारी शर्यतींसाठी मोकळा ठेवला. पुढच्या दोन-तीन दशकांत महासागरी शर्यतींवर फ्रेंचांनी जे वर्चस्व मिळवले, त्याची सुरुवात या उन्हाळ्यापासून धरली जाते. ताबार्लींच्या डेकवर उमेदवारी केलेल्यांची नावे घेतली, की हे पटते. ऑलिव्हिए द केर्सोझॉं, अलां कोला, मार्क पाजो, फिलिप पूपॉं, तितुआन लामाझू या साऱ्यांनी पुढे स्वतःची नावे कमावली. ताबार्ली शिकवत नसत. ते करत आणि बाकीच्यांनी पाहून शिकायचे, अशी ती शाळा होती.

त्यांच्या प्रत्येक नौकेत काहीतरी आधी कोणी न केलेले असे. ॲल्युमिनियमच्या 'पेन द्युइक-३' ने १९६७ मध्ये फास्टनेट शर्यत जिंकली आणि त्याच वर्षअखेरीस सिडनी-होबार्ट शर्यतीत सर्वांत आधी होबार्ट गाठले. 'पेन द्युइक-४' ही तीन कवचांची, म्हणजे त्रिमरान. तशा नौकांना तेव्हा भरवशाचे मानले जात नव्हते. 'पेन द्युइक-५' मध्ये वाऱ्याच्या बाजूच्या टाक्यांत समुद्राचेच पाणी भरून नौका सरळ ठेवण्याची युक्ती होती. १९६९ मध्ये सॅन फ्रान्सिस्को ते टोकियो ही एकट्याची शर्यत त्यांनी तिच्या बळावर ३९ दिवसांत जिंकली. ही पाण्याच्या टाक्यांची पद्धत पुढे महासागरी नौकांत रूढ झाली. 'पेन द्युइक-६' च्या तळाशी तर वजनासाठी शिशाऐवजी निःसत्त्व केलेले युरेनियम बसवले होते. त्यावरून वादही झाला. १९७९ मध्ये आलेली 'पॉल रिकार' ही पाण्यावर उचलली जाण्यासाठी पंख लावलेली त्रिमरान. तिच्यातून १९८० मध्ये ताबार्ली आणि त्यांच्या साथीदारांनी न्यूयॉर्क ते इंग्लंड हे अंतर १० दिवस ५ तासांत कापले. १९०५ मध्ये चार्ली बार यांच्या 'अटलांटिक' नौकेने केलेला १२ दिवस ४ तासांचा विक्रम तोवर पाऊणशे वर्षे कोणाला मोडता आला नव्हता.

वेग वाढवणारे कोणतेही नवे साधन या माणसाने कधी नाकारले नाही. सुरक्षेचे नवे साधन मात्र त्यांनी फारसे मनावर घेतले नाही.

त्या काळात समुद्र माणसे घेत नव्हता असे नाही. १९६८ च्या एकट्याच्या शर्यतीत 'पेन द्युइक-४' ची सुरुवातीलाच एका मालवाहू जहाजाशी टक्कर झाली आणि ताबार्लींना शर्यत सोडावी लागली. माणूस एकटा असेल तर त्याने झोपायचे केव्हा आणि पाहारा द्यायचा केव्हा, हा या शर्यतींतला आजही न सुटलेला प्रश्न आहे. १९७३-७४ मध्ये जगप्रदक्षिणेची पहिली व्हिटब्रेड शर्यत झाली. तीत 'पेन द्युइक-६' ची डोलकाठी दोनदा मोडली. पण इतर नौकांच्या तुलनेत ते दुर्दैव किरकोळच म्हणायचे. तीन वेगवेगळ्या नौकांवरचे तीन खलाशी त्या शर्यतीत डेकवरून वाहून गेले. एकाचाही देह सापडला नाही.

१९७६ ची अटलांटिकची शर्यत तर विलक्षण होती. सुमारे सव्वाशे स्पर्धक निघाले होते. ताबार्ली आणि कोला हे गुरू-शिष्य समोरासमोर होते. आदल्या वर्षी नांगराच्या साखळीत सापडून कोलांचा उजवा पाय घोट्यापासून जवळजवळ तुटला होता. डॉक्टरांनी तो कसाबसा वाचवला होता. लंगडत्या पायाने ते चार डोलकाठ्यांची ७२ मीटरची अजस्र नौका एकट्याने हाकायला निघाले होते. ताबार्लींकडे होती २२ मीटरची 'पेन द्युइक-६', जिच्यावर एरवी डझनाहून अधिक माणसे राबत. सुकाणूचे स्वयंचलित यंत्र पहिल्याच टप्प्यात बंद पडले. एकामागून एक वादळे येत राहिली. एका क्षणी ताबार्लींनी माघारीही फिरवली, मग पुन्हा पश्चिमेकडे वळवली. दिवसेंदिवस त्यांची खबर नव्हती आणि फ्रान्समध्ये लोकांनी आशा सोडत आणली होती. अशा वेळी न्यूपोर्टच्या धुक्यातून ही काळी नौका बाहेर आली. २३ दिवस २० तास लागले होते. कोला त्यांच्यानंतर काही तासांनी पोहोचले. पॅरिसमध्ये शांझेलिझेवर ताबार्लींची मिरवणूक निघाली. त्याच शर्यतीत दोन स्पर्धक समुद्रात नाहीसे झाले होते. विजयाच्या गोंगाटात त्यांचा उल्लेख फारसा झाला नाही.

कोलांचाही शेवट समुद्रातच झाला. 'पेन द्युइक-४' त्यांनी विकत घेऊन तिचे नाव 'मानुरेव्हा' ठेवले होते. नोव्हेंबर १९७८ मध्ये पहिल्या रूट द्यु ऱ्हम शर्यतीत, अझोर्स बेटांच्या परिसरातून एक शेवटचा संदेश आला. नंतर ना नौका सापडली, ना माणूस.

या साऱ्या घटना ताबार्ली जवळून पाहत होते. तरीही त्यांची धारणा बदलली नाही. नौकेवरून पडणे ही खलाशाची स्वतःची चूक, असे ते मानत. ज्याला डेकवर स्वतःला सांभाळता येत नाही त्याने तिथे असू नये, हे त्यांचे मत त्यांनी कधी लपवले नाही. छातीला पट्टा, पट्ट्याला दोरी, दोरीला आकडा आणि तो आकडा पावलोपावली काढायचा, अडकवायचा, याचा त्यांना मनापासून कंटाळा होता. मरणापूर्वीचे काही वाईट क्षण परवडले, पण जन्मभर या दोरीचा जाच नको, अशा अर्थाचे त्यांचे म्हणणे मित्रमंडळींत प्रसिद्ध होते. यात बढाई नव्हती. एक हात नौकेच्या कामासाठी आणि एक हात स्वतःला धरून ठेवण्यासाठी, हा शिडाच्या जहाजांवरचा जुना नियम त्यांना पुरेसा वाटे. चाळीस वर्षे तो पुरलाही होता. या युक्तिवादाला उत्तर देणे म्हणूनच अवघड जाई. अनुभवाचा दाखला सतत एकाच बाजूने मिळत असेल, तर त्यातली योगायोगाची बाजू माणसाच्या नजरेस येत नाही.

दरम्यान, खेळाचे नियम बदलू लागले होते. ऑगस्ट १९७९ मध्ये फास्टनेट शर्यतीवर अचानक वादळ कोसळले. ३०३ नौका निघाल्या होत्या, शर्यत पूर्ण केली ८५ नौकांनी. १५ स्पर्धक मृत्युमुखी पडले. नंतरच्या चौकशीत काही गोष्टी स्पष्ट झाल्या. काहींनी बांधलेले पट्टे, त्यांच्या दोऱ्या किंवा आकडे अडकवायच्या जागाच लाटांच्या माऱ्यात तुटल्या होत्या. काहींनी तरंगत असलेली नौका सोडून रबरी तराफ्यावर उडी घेतली आणि तो तराफा फाटला. मागे नौका मात्र तरंगतच राहिली. या चौकशीनंतर पट्ट्यांची मजबुती, डेकवर नाळेपासून मागच्या टोकापर्यंत ताणलेल्या सुरक्षा-दोऱ्या, रेडिओ, खलाशांची पात्रता यांविषयीचे नियम काटेकोर झाले. आधुनिक शर्यतीच्या नौकेवर काठाने खांब आणि त्यांतून ओवलेल्या तारांचा दुहेरी कठडा असणे ही आता गृहीत धरलेली बाब आहे.

जुन्या नौकांची दुनिया मात्र वेगळी. १९८० च्या दशकात युरोपात जुन्या लाकडी यॉट शोधून, दुरुस्त करून पुन्हा शर्यतीत उतरवण्याची मोठी लाट आली. भूमध्य समुद्रात आणि ब्रिटनच्या किनाऱ्यांवर त्यांचे मेळे भरू लागले. या शर्यतींत वेगाइतकाच अस्सलपणाला मान. डोलकाठी मूळ लाकडाची आहे का, शिडांची मांडणी मूळ आराखड्याप्रमाणे आहे का, नंतरची यंत्रे किती बसवली आहेत, यांवर नौकेचा गुणांक ठरतो. आता १८९८ च्या नौकेला मुळात कठडा नव्हताच. काठावर टाचेच्या उंचीची एक पट्टी, एवढाच काय तो आधार. तिथे चकचकीत खांब आणि तारा लावल्या, तर नौकेची रेषा बिघडते. सौंदर्यदृष्टीने हे पटण्यासारखे आहे. पण फाइफच्या काळात अशा नौकेवर पगारी खलाशी असत, शर्यती बहुधा किनाऱ्यालगत आणि दिवसाच्या होत. अस्सलपणाच्या हिशेबात ही बाजू सहसा धरली जात नाही.

ताबार्लींनी १९८० च्या दशकात 'पेन द्युइक' पुन्हा एकदा नव्याने सजवून घेतली आणि १९८९ पासून ती पुन्हा समुद्रावर फिरू लागली. १९८५ मध्ये त्यांनी नौदल सोडले होते. पत्नी जॅकलिन आणि मुलगी मारी यांच्यासह ते ब्रिटनीत ओदे नदीच्या काठी राहत. शर्यती पूर्णपणे सुटल्या नव्हत्या. १९९७ मध्ये, ६६ व्या वर्षी, त्यांनी ईव्ह पार्लिए यांच्या जोडीने अटलांटिक ओलांडणारी जॅक व्हाब्र शर्यत जिंकली. त्यापुढच्या वर्षी वसंतात बेनोदे येथे 'पेन द्युइक' ची शताब्दी साजरी झाली. तिच्या नावाच्या पुढच्या नौकाही जमल्या; नव्हती ती फक्त चौथी.

जूनमध्ये फाइफच्या गावी, फेअरलीला, त्याच्या आराखड्यांनुसार बांधलेल्या नौकांचा पहिलाच मेळा भरायचा होता. 'पेन द्युइक' ने तिथे असायलाच हवे होते. ताबार्ली आणि इतर चौघे निघाले. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकावरील न्यूलिन बंदरात त्यांनी थांबा घेतला आणि १२ जून रोजी तिथून उत्तरेची वाट धरली. समोर आयरिश समुद्र होता. ताबार्लींच्या दृष्टीने हे अंगणातले पाणी.

रात्री वारा वाढला. सोबत लाटाही होत्या. वादळ नव्हते, शिडे कमी करावीत एवढाच प्रकार होता. मोठे शीड उतरवून त्याजागी लहान शीड चढवायचे ठरले. पुढे जे घडले ते समजण्यासाठी या जुन्या शिडाची रचना थोडी पाहावी लागते. आजच्या नौकांचे मुख्य शीड त्रिकोणी असते. 'पेन द्युइक' चे शीड चौकोनी आहे. त्याची वरची कड एका जड, लांब वाशाला बांधलेली असते. या वाशाला गाफ म्हणतात. त्याचे एक टोक डोलकाठीला टेकलेले, दुसरे मागे आणि वर मोकळे. दोन दोरांनी तो वर ओढलेला असतो. शीड वाऱ्याने भरलेले असते तोवर सगळे घट्ट राहते. उतरवायला सुरुवात केली की शीड सैल पडते आणि तो वासा दोरांवर लटकत, नौकेच्या प्रत्येक हेलकाव्याबरोबर एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत झोके घेतो. डेकपासून माणसाच्या उंचीवर येतो तो क्षण सर्वांत वाईट. अंधारात, तीन मीटरहून अरुंद डेकवर, बिनकठड्याच्या काठाशी उभे राहून तो पकडायचा, बांधायचा. ताबार्लींनी हे काम आयुष्यात किती वेळा केले असेल याची गणती नाही.

मध्यरात्रीच्या सुमारास, वेल्सच्या किनाऱ्यापासून दूर, हेलकाव्याबरोबर आलेल्या गाफचा तडाखा त्यांच्या छातीवर बसला आणि ते काठावरून पाण्यात गेले.

उरलेल्या चौघांनी तत्काळ तरंगते कडे फेकले. पण अशा वेळी गणित किती निर्दय असते ते पाहावे. सहा नॉट वेगाने जाणारी नौका सेकंदाला तीन मीटर, म्हणजे मिनिटाला १८० मीटरहून अधिक पुढे जाते. मोठे शीड अर्धवट उतरलेले, दोर मोकळे, नौका वाऱ्याबरोबर चाललेली. तिला आवरून, वाऱ्याच्या विरुद्ध वळवून त्या जागी परत आणायला काही मिनिटे लागणारच. लाटांमध्ये पोहणाऱ्या माणसाचे डोके नारळाएवढे दिसते, तेही दिवसा. रात्री दिसते ते काळे पाणी. जूनमध्येही त्या समुद्राचे तापमान बारा-तेरा अंशांच्या आसपास असते. छातीला मार लागलेल्या, जाड कपड्यांतल्या, तरंगण्याचे कोणतेही साधन अंगावर नसलेल्या माणसाला त्यात किती वेळ मिळणार?

चौघे शोधत राहिले. प्रकाशबाण सोडले, कोणाच्या दृष्टीस पडले नाहीत. दूरवर हाक पोहोचवील असे संपर्काचे साधन नौकेवर नव्हते. एकट्याने महासागर ओलांडताना कोणाशी न बोलणाऱ्या माणसाची ही नौका होती. सकाळी 'लॉंगोबार्डा' नावाची दुसरी एक शिडाची नौका दृष्टिपथात आली आणि तिच्यामार्फत किनाऱ्यावर खबर गेली. हेलिकॉप्टर आणि जीवरक्षक बोटी धावल्या, तोवर कित्येक तास लोटले होते. महिन्याहून अधिक काळाने, जुलैमध्ये, एका फ्रेंच मच्छीमार ट्रॉलरच्या जाळ्यात ताबार्लींचा देह आला.

फ्रान्सने शोक केला तो राष्ट्रपुरुषाचा करावा तसा. बहुतेक मृत्युलेखांचा सूर एकच होता: ज्या समुद्रावर जगला त्याच समुद्रात, त्याच लाडक्या नौकेवरून गेला, असे मरण भाग्यवंताचे. काव्य म्हणून हे ठीक आहे. पण त्या रात्री डेकवर आणखी चार माणसे होती. अंधारात हाका मारणारी, दुसऱ्या कोणाला बोलावू न शकणारी, सकाळी रिकाम्या हातांनी देशाला बातमी देणारी. पट्टा न बांधण्याचा हिशेब ताबार्लींनी स्वतःपुरता मांडला होता. त्यातला चौघांचा वाटा त्यात कुठे दिसत नाही. एकट्याच्या शर्यतीत जो निर्णय फक्त स्वतःचा असतो, तो इतरांसोबत असताना तसा राहत नाही. ताबार्लींच्या थोरवीला धक्का न लावताही हे म्हणता येते आणि त्यांच्या चाहत्यांपैकी कित्येकांनी ते हळूहळू मान्यही केले.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये, ताबार्लींनी ३१ वर्षांपूर्वी गाजवलेल्या सिडनी-होबार्ट शर्यतीत वादळाने सहा खलाशांचा बळी घेतला. ११५ नौकांपैकी ४४ पोहोचल्या, पाच बुडाल्या. मृतांमध्ये काही जण जुन्या बांधणीच्या लाकडी 'विन्स्टन चर्चिल' वरचे होते. ती नौका १९४५ मध्ये याच शर्यतीच्या पहिल्या वर्षी उतरली होती. त्यानंतर नियम आणखी कडक झाले. पुढच्या काळात साधनेही पालटली. पाण्यात पडताच आपोआप फुगणारे, ठेच न लावणारे लाइफ जॅकेट आले. पडलेल्या माणसाची जागा थेट नौकेच्या पडद्यावर दाखवणारे, मुठीत मावणारे यंत्र आले. कधी कधी याहून साधे काही पुरते. २०११ मध्ये फ्रान्सच्याच नामांकित नौकापटू फ्लॉरेन्स आर्तो कॉर्सिकाजवळ रात्री आपल्या नौकेवरून पडल्या. एकट्या होत्या. कपाळावरचा दिवा आणि खिशातला, पाणी न लागलेला मोबाइल फोन एवढ्यावर त्यांनी घरी आईला कळवले आणि काही तासांनी हेलिकॉप्टरने त्यांना जिवंत उचलले.

जुन्या नौकांच्या मेळ्यांत हा वाद पूर्ण मिटलेला नाही. काही मालक शर्यतीच्या दिवशी कठडा काढून ठेवतात आणि लांबच्या प्रवासाला निघताना पुन्हा बसवतात. काही जण नौकेला हात न लावता डेकवर नुसती सपाट पट्टी अंथरतात, जिला खलाशांनी आपले आकडे अडकवायचे. दुरून ती दिसतही नाही. रात्रीच्या प्रवासात आणि शिडे बदलताना पट्टा बांधायचा, एवढे तरी आता बहुतेकांच्या अंगवळणी पडले आहे.

लोरियाँ बंदरात २००८ मध्ये ताबार्लींच्या नावाने शिडाच्या नौकांचे मोठे संग्रहालय उघडले. 'पेन द्युइक' मालिकेतल्या नौका तिथल्याच धक्क्याला विसावतात आणि अजून समुद्रावर जातात. वडील गेले तेव्हा मारी ताबार्ली तेरा वर्षांची होती. २०२३ मध्ये पहिल्या व्हिटब्रेड शर्यतीला ५० वर्षे झाल्याच्या निमित्ताने जगप्रदक्षिणेची एक शर्यत जुन्या पद्धतीने योजली गेली. वाट काढायची ती कागदी नकाशा आणि सेक्स्टंट यांच्या आधाराने, उपग्रहाच्या मदतीविना. तीत 'पेन द्युइक-६' ची कप्तान मारी होती आणि २०२४ च्या वसंतात ती जगाला फेरी मारून इंग्लंडला परतली. नौका तीच, १९७३ ची. मात्र संकटसूचक यंत्रे आणि नौकेची जागा किनाऱ्याला कळवणारी साधने बरोबर ठेवणे या शर्यतीत सर्वांना सक्तीचे होते.